सोसणं म्हणजे नेमकं काय?

भांडीकुंडी आटोपून, पोरांना झोपवून रेडिओजवळ बसला असाल. आज आम्ही तुम्हाला एका शब्दाची गोष्ट सांगणार आहोत. शब्द इंग्रजीतला. त्याचे अर्थ हुडकत आम्ही गेलो पार तुर्की भाषेत, आणि फिरून आलो आपल्याच उंबऱ्यावर.

त्याचं असं झालं. आमच्या गटातल्या एकीची पुतणी तालुक्याला कॉलेजात आहे. तिला मोबाईलवर तुर्की मालिका बघायचा भारी नाद. बोलणं तुर्कीत आणि खाली इंग्रजी अक्षरं. एकदा बैठकीच्या आधी ती आमच्यातच बसून बघत होती. पडद्यावर एक बाई रडत रडत काहीतरी म्हणाली. आम्ही विचारलं, "काय म्हणाली गं?" पोरगी म्हणाली, "काकू, खाली लिहिलंय, आय कान्ट बेअर इट. म्हणजे मला हे सोसवत नाही." आमच्यातली एक लगेच म्हणाली, "बेअर म्हणजे अस्वल ना? पोरांच्या पुस्तकात असतंय की." सगळ्या हसलो. पण पोरगीनं मोबाईलवर शब्दकोश उघडला आणि आम्ही बघत राहिलो. या एका 'बेअर' क्रियापदापुढे अर्थांची ही लांबलचक रांग होती.

अस्वल सोडून द्या, तो वेगळा शब्द. हे क्रियापद आहे, म्हणजे काहीतरी करण्याचा शब्द. त्याचा पहिला अर्थ वाहणं, ओझं नेणं. दुसरा अर्थ मूल जन्माला घालणं. तिसरा अर्थ सोसणं, सहन करणं. झाडानं फळ धरलं तरी इंग्रजीत बेअर. ठेवीवर व्याज सुटलं तरी बेअर. एखादी गोष्ट लक्षात ठेवली तरी बेअर. खर्चाचा भार उचलला तरी बेअर. मनात अढी धरली तरी बेअर. आणि रस्त्यानं चालताना डावीकडे वळलं तरी बेअरच!

आम्ही एकमेकींकडे बघितलं. बाईचा अख्खा जन्म त्यांनी एका शब्दात बसवला होता. डोक्यावर हंडा, पोटात लेकरू, मनात दुःख. तिन्हीला एकच शब्द.

हे उगाच झालेलं नाही. हा शब्द फार जुना आहे, आणि आपल्याला परकाही नाही. संस्कृतात 'भृ' नावाचा धातू आहे, उचलणं, वाहणं, पोसणं या अर्थाचा. आपला 'भार' त्यातूनच आला, 'भरणपोषण'मधलं भरणही त्यातूनच आलं. इंग्रजीतला बेअर आणि आपला भार हे एकाच मुळाचे, लांबचे का होईना पण भाऊबंद. इंग्रजीत 'मी जन्मले' म्हणताना 'आय वॉज बॉर्न' म्हणतात, तो 'बॉर्न' या बेअरचंच एक रूप आहे. म्हणजे आईनं मला वाहिलं, असाच त्याचा मूळ भाव.

मग आम्ही पोरगीला विचारलं, "त्या मालिकेतल्या बाईच्या भाषेत काय शब्द आहे?" आणि खरी गंमत तिथून सुरू झाली. तुर्कीत या सगळ्याला एक शब्द नाहीच. इंग्रजीतला बेअर तुर्कीत न्यायचा तर आधी थांबून विचारावं लागतं: बाई, तू नेमकं काय करते आहेस? वाहते आहेस, जन्म देते आहेस, की सोसते आहेस? आणि सोसत असशील तर कसं सोसते आहेस?

आता एकेक शब्द घेऊ. लिहून घ्यायची गरज नाही, नुसते ऐका.

ओझं वाहण्याला तुर्कीत म्हणतात ताशिमाक. पाण्याचा हंडा, लाकडाची मोळी, बाजाराची पिशवी, सगळ्याला ताशिमाक. त्यांची राजधानी अंकारा. तिथल्या उलुस चौकात १९२७ सालचं विजयाचं स्मारक आहे. त्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाची आठवण म्हणून उभारलेलं. त्यावर सैनिकांच्या बरोबरीनं एका बाईचा पुतळा आहे, तिच्या खांद्यावर तोफेचा गोळा. त्या लढाईत खेड्यापाड्यांतल्या बायकांनी बैलगाड्यांतून, खांद्यांवरून दारूगोळा नेला होता. तो हा ताशिमाक. ओझं दिसतं, त्याचं वजन कळतं, आणि ठिकाण आलं की ते खाली ठेवता येतं.

मूल जन्माला घालण्याला म्हणतात दोऊरमाक. याच्या मुळाशी आहे दोमाक, म्हणजे जन्मणं. सूर्य उगवला तरी ते हाच शब्द वापरतात, सूर्य जन्मला म्हणतात. त्यांच्या पूर्व दिशेचं नावही त्यातूनच आलं. तेव्हा दोऊरमाक म्हणजे उगवायला लावणं. बाळंतीण झालेल्या बाईनं कुणाला तरी उगवायला लावलं! आम्हाला हे फार आवडलं. गरोदर बाईला ते कधी 'इकी जानली' म्हणतात. इकी म्हणजे दोन, आणि जान तर आपलीच. आपण म्हणतो ना दोन जिवांची, अगदी तसंच.

झाडाला फळ धरतं तिथं तुर्कीत झाड फळ 'देतं'. फळाला त्यांचा शब्द मेयवे, आणि आपला मेवा त्याच फारसी शब्दातून आला. बँकेतली ठेव व्याज 'आणते'. आपल्या गटाची ठेव व्याज आणते म्हणायला आपल्यालाही हरकत नाही. गोष्ट 'अकलेत धरून' ठेवायची, तो अकलेचा शब्द अरबीतून त्यांच्याकडे गेला तसा आपल्याकडेही आला. आणि अढीला काय म्हणतात? ते अढी 'पोसतात'. रोज खायला घालून मोठी करतात. ही तर आपल्या भावकीतली गोष्ट झाली.

आता येऊ सोसण्यावर. इथं तुर्कीत एक नाही, तीन-चार शब्द आहेत.

एक आहे चेकमेक. म्हणजे ओढणं. ते दुःख ओढतात. आपण दिवस काढतो, हाल काढतो, ते दुःख ओढतात, बैलानं गाडा ओढावा तसं.

दुसरा आहे कातलानमाक. 'कात' म्हणजे थर किंवा घडी. कापड दुमडलं गेलं, त्याची घडी पडली, तरी कातलानमाक. आणि एखाद्या माणसाचं वागणं, टोमणे, जाच मुकाट्यानं सहन केला तरी कातलानमाक. म्हणजे सोसणारी माणसं स्वतःची घडी घालतात. पहिली घडी, दुसरी, तिसरी. लुगडं घडी घालून घालून ट्रंकेत बसतं तसं बाई आपल्याला लहान लहान करत जाते. शेवटी घरात तिची जागा तेवढीच उरते.

तिसरा आहे दायानमाक. मालिकेतली बाई रडत म्हणाली होती ती 'दायानामियोरुम', म्हणजे मला सोसवत नाही. या दायानमाकचा सोसणं हा अर्थ आहेच. टिकणं, तग धरणं हाही आहे. चप्पल दोन वर्षं टिकली तर तीही दायानमाक. भूकंपात न पडणाऱ्या घरालाही ते याच शब्दानं ओळखतात, भूकंपाला 'दायानिकली' म्हणतात. पण या शब्दाचा मुळातला अर्थ काय असेल? टेकणं. भिंतीला पाठ टेकणं. काठीवर टेकून उभं राहणं.

म्हणजे बघा. एकीकडे घडी पडणं, दुसरीकडे टेकून उभं राहणं. इंग्रजीत दोन्हीला बेअर. मराठीत आपण दोन्हीला सोसणं म्हणून मोकळ्या होतो. पण दोन्ही एक आहेत का?

इथं एक गोष्ट सांगतो. तुर्कस्तानात पिढ्यान् पिढ्या सांगत आलेली. 'साबिर ताशी', म्हणजे सबुरीचा दगड. सबुरी हा आपला शब्द आणि त्यांचा साबिर, दोन्ही अरबीतून आलेले. गोष्ट अशी की एका मुलीच्या नशिबी चाळीस दिवस एका निपचित पडलेल्या राजपुत्राची राखण करणं येतं. ती इमानानं राखण करते. शेवटच्या घटकेला दुसरीच बाई तिच्या जागी बसते, राजपुत्र डोळे उघडतो आणि त्या दुसरीलाच बायको करतो. खरी राखण करणारी मोलकरीण होऊन राहते. कुणाला काही बोलत नाही. एकदा तो परगावी जाताना विचारतो, तुला काय आणू? ती म्हणते, सबुरीचा दगड आणा. दगड येतो. रात्री दार लावून ती दगडाला पुढ्यात ठेवते आणि सगळी हकिगत सांगते. सांगता सांगता दगड फुगत जातो, फुगत जातो, आणि शेवटी फुटतो. दाराआड तो उभा असतो. त्यानं सगळं ऐकलेलं असतं. मग खरं-खोटं होतं. आजही तिकडं हालांची परिसीमा सांगायची तर म्हणतात, सबुरीचा दगड असता तरी फुटला असता.

मैत्रिणींनो, आपल्याकडे हा दगड नव्हता का? होता. जातं! पहाटे उठून आपल्या आज्या-पणज्यांनी त्यालाच सगळं सांगितलं. सासर, माहेर, नवऱ्याचा मार, लेकाचं कौतुक. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या सोबत्यांना घेऊन अशा जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. एक लाखाच्या वर! एवढं सगळं बायकांनी दगडाला सांगितलं. फरक एवढाच की त्यांच्या गोष्टीत दाराआड ऐकणारा कुणीतरी उभा होता. आपल्या घरात सगळी झोपलेली असत.

आता आमच्या गटातली गोष्ट. जिची आहे तिला विचारून सांगतो आहोत. नाव सांगणार नाही, तिनंच सांगितलं की गोष्ट सांगा, नाव नको.

तिला तीन लेकरं. तिसऱ्या बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी ती हंडा घेऊन विहिरीवर गेली. घरात दुसरं कुणी नव्हतं असं नाही. पण सासूनंही तसंच केलं होतं, तिच्या सासूनंही. थोड्या महिन्यांनी तिचं अंग बाहेर येऊ लागलं. बसताना, खोकताना, मोळी उचलताना. ती फडकं बांधायची आणि कामाला जायची. अकरा वर्षं. नवऱ्याला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही. आम्ही दर महिन्याला तिच्याबरोबर बसत होतो, पैसे मोजत होतो, वही भरत होतो, आणि आम्हाला पत्ता नव्हता.

ज्या दिवशी पोरगीनं हा शब्दकोश वाचून दाखवला, त्या दिवशी ती गप्प बसून ऐकत होती. वाहणं, जन्म देणं, सोसणं. सगळ्या उठायला लागल्या तेव्हा ती खालमानेनं म्हणाली, "अक्का, माझ्या अंगात हे तिन्ही एका जागी आलंय." मग हळूहळू बोलली. तिचं बोलून झालं तेव्हा कोपऱ्यातून दुसरी म्हणाली, "मला पण हाय." थोड्या वेळानं तिसरी. पंधरा बायकांत तिघी.

आम्हाला लाज वाटली. त्यांची नाही, आमची. आम्ही सगळ्या तिला म्हणायचो, "किती सोशिक गं तू." कौतुकानं म्हणायचो. त्या कौतुकानंच तिचं तोंड बंद केलं होतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही चौघी तिच्याबरोबर दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी जे समजावून सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. गर्भाशयाला खालून धरून ठेवणारे स्नायू बाळंतपणात ताणले जातात. पुष्कळ बाळंतपणं, अडलेलं लांबलेलं बाळंतपण, बाळंतपणानंतर लगेच उचललेलं जड ओझं, जुना खोकला, कायमचा मलावरोध, यांनी ते सैल पडतात आणि अंग खाली उतरतं. हा आजार आहे. पाप नाही, नशीब नाही. सुरुवातीला असेल तर त्या स्नायूंच्या व्यायामानं आराम पडतो. पुढचा असेल तर आतून रिंग बसवता येते. काहींना शस्त्रक्रिया लागते. पण प्रत्येकीची पिशवी काढावीच लागते असं नाही. कुणी घाईनं पिशवी काढा म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरांनाही विचारा. आणि पहिली पायरी म्हणजे आशाताईंशी बोला. बोलल्याशिवाय कुणाला कळणार?

आमच्या मैत्रिणीला रिंग बसवली. जड उचलायचं नाही असं बजावलं. आता पाणी कोण भरणार? तिचा मोठा मुलगा आहे सोळा वर्षांचा, तो भरायला लागला. सुरुवातीला लाजत होता. आठवड्यातले दोन दिवस आमच्यातल्या दोघी तिची घागर आणतात. शेतात सावड असते ना, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात, तशीच ही पाण्याची सावड. तुर्कस्तानच्या खेड्यांतही सावडीची रीत आहे, तिला इमेजे म्हणतात. थंडीसाठीच्या पातळ रोट्या तिथल्या बायका शेजारणींना बोलावून मिळून लाटतात, आपण उन्हाळ्यात पापड-कुरडया करतो तशा.

आता आणखी एक शब्द राहिला. तो सांगितल्याशिवाय हे बोलणं पुरं होणार नाही.

दायानमाक म्हणजे टेकणं, सोसणं, हे सांगितलं. त्याच मुळातून आलेला दुसरा शब्द आहे दायाक. दायाकचा एक अर्थ टेकू. भिंत कलली की लावतो तो टेकू. आणि दायाकचा दुसरा अर्थ मार. काठीचा मार. आपण मार खातो म्हणतो, तेही दायाक 'खातात' असंच म्हणतात. जी काठी भिंत सावरते तीच पाठीत बसते, आणि शब्द एकच.

१९८७ साली तुर्कस्तानात चांकिरी इथल्या न्यायालयात एका बाईनं घटस्फोट मागितला. तीन लेकरांची आई, वर पोटुशी. नवरा मारत होता. न्यायाधीशानं अर्ज फेटाळला, आणि फेटाळताना एक जुनी म्हण ऐकवली. तिचा अर्थ असा की बाईच्या पाठीवरून काठी आणि पोटातून शिंगरू कधी कमी होऊ देऊ नये. बघा, याही म्हणीत तेच तिन्ही आलं. पोटात वाहायचं, जन्माला घालायचं आणि वर मार सोसायचा. एका म्हणीत बाईचा जन्म बसवून मोकळे.

पण त्या वेळी तिथल्या बायका गप्प बसल्या नाहीत. १७ मे १९८७ रोजी इस्तंबूलच्या कादिकोय भागात हजारो बायकांनी मोर्चा काढला. १९८० साली तिथं लष्करानं सत्ता घेतली होती, लोकांना रस्त्यावर यायची भीती होती. त्यानंतरचा रस्त्यावरचा हा पहिला मोठा मोर्चा मानतात, आणि तो काढला बायकांनी. मोर्चाचं नाव होतं मारहाणीविरुद्ध एकजूट. आणि एकजुटीला त्यांचा शब्द माहीत आहे? दायानिशमा. त्याच मुळाचा. दायाकच्या विरुद्ध दायानिशमा.

हा शब्द कसा तयार झाला तेही सांगतो. तुर्कीत क्रियापदाच्या मध्ये एक 'श' घातला की 'एकमेकांना' असा अर्थ येतो. गोरमेक म्हणजे बघणं, गोरुशमेक म्हणजे एकमेकांना भेटणं. तसं दायानमाक म्हणजे टेकणं, आणि दायानिशमा म्हणजे एकमेकींना टेकणं. एकटी टेकते ती सोसते. एकमेकींना टेकतात त्या एकजूट करतात. मध्ये फक्त एक 'श'.

त्या मोर्चानंतर तिथल्या बायकांनी मारहाण सोसलेल्या बायकांचे अनुभव गोळा करून १९८८ साली पुस्तक काढलं. त्याच्या नावाचा अर्थ 'ओरड, सगळ्यांना ऐकू दे'. सबुरीच्या दगडाला सांगण्याचे दिवस संपले, असंच जणू ते नाव सांगत होतं. पुढे १९९० साली मोर चाती नावाची संस्था उभी राहिली. मोर चाती म्हणजे जांभळं छप्पर. मार खाऊन घराबाहेर पडलेल्या बाईला रात्री डोक्यावर छप्पर हवं, सल्ला हवा, म्हणून. तिकडं २०१२ साली घरातल्या हिंसेपासून संरक्षणाचा नवा कायदा झाला. आपल्याकडे कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ सालचा. त्यात मारणं तर आलंच, पण शिव्या, धमक्या, पैसे अडवून धरणं, घराबाहेर काढणं हेही हिंसाच मानलंय. त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले आहेत. बायकांसाठीचा मदतीचा फोन १८१. हा नंबर मात्र लिहून घ्या. दाराच्या मागे, पिठाच्या डब्यावर, जिथं जमेल तिथं.

एकमेकींना टेकण्याची ताकद आपल्या मराठवाड्यानंही बघितली आहे. ३० सप्टेंबर १९९३. किल्लारीचा भूकंप. जाड जाड दगडमातीच्या भिंती माणसांवर कोसळल्या. भिंती दणकट नव्हत्या असं नाही, हातहात रुंद होत्या. पण दगड दगडाला बांधलेला नव्हता, एकीला दुसरीचा आधार नव्हता. पुढे घरं पुन्हा उभी राहिली तेव्हा भिंतींना सिमेंट-सळ्यांचे पट्टे घालून एकमेकींना बांधलं. त्या वेळी लातूर-उस्मानाबादच्या गावांत महिला मंडळांतल्या बायका संवाद सहायक झाल्या, घराघरांत जाऊन लोकांना हे समजावून सांगू लागल्या. ज्या बायका कधी पारावर गेल्या नव्हत्या त्या बांधकामाची तपासणी करायला लागल्या. जाड भिंत पडली आणि बांधलेली भिंत टिकली, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

मैत्रिणींनो, आम्ही काही सोसणं वाईट असं म्हणत नाही. प्रसूतीची कळ सोसावी लागते. दुष्काळाचं वर्ष काढावं लागतं. आजारी माणसाची सेवा करताना जागरण होतं. त्याला तग धरणं म्हणतात, आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण आमच्या गटानं तेव्हापासून एक रीत पाडली आहे. कुणी "सोसतेय बाई" असं म्हणाली की आम्ही तिला सोडत नाही. तीन गोष्टी विचारतो.

पहिली, हे ओझं आहे का? ओझं असेल तर ते किती दिवसांचं, कुठं खाली ठेवायचं, आणि वाटून घ्यायला कोण आहे?

दुसरी, तू तग धरते आहेस की तुझी घडी पडते आहे? तग धरणाऱ्या माणसाला पुढची वाट दिसते. घडी पडणारं माणूस रोज थोडं लहान होतं.

तिसरी, तू कुणाला टेकली आहेस? "कुणालाच नाही" असं उत्तर आलं तर त्या दिवशी वही बंद. पैसे नंतर मोजू.

हे तीन प्रश्न तुमच्याही पुढच्या बैठकीत विचारून बघा. उत्तर लगेच येणार नाही. आमच्याकडे अकरा वर्षं आलं नव्हतं.

जाता जाता पोरगीनं शिकवलेली शेवटची गोष्ट. तुर्कीत 'कातलानामाम' म्हणजे मला सोसवत नाही. आणि 'कातलानमाम' म्हणजे मी सोसणार नाही. मधला एक 'आ' काढला की झालं. मराठीतही फार अंतर नाही. सोसवत नाही म्हणताना डोळ्यांत पाणी असतं, सोसणार नाही म्हणताना मान वर असते. आमच्या मैत्रिणीला आम्ही परवा विचारलं, आता कसं आहे? ती म्हणाली, "बरं हाय. पाणी कोण भरणार यावरनं घरात एकदा भांडण झालं. मी म्हटलं, मी भरणार नाही."

तिच्या सासूबाईंनी काय केलं म्हणता? थोडा वेळ गप्प बसल्या. मग नातवाला म्हणाल्या, "जा रं, घागर घे."

पुढच्या वेळी भेटू. तोवर एकमेकींची चौकशी करत राहा. नमस्कार.